बंगळूरचे पाणी आणि अर्कावतीचा शोध

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ऋषींच्या कुळाविषयी बोलण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही; परंतु ज्या नदीचे पाणी आपल्या वडीलधाऱ्यांनी या नगरीत आल्या दिवसापासून प्यायले, तिचे मूळ शोधण्यावाचून आता गत्यंतर उरलेले नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गतकाळाची उजळणी व्हावी, हे रीतीला धरूनच आहे. मंडळाचे गणेशोत्सव, नाटके, व्याख्याने आणि हळदीकुंकवाचे समारंभ यांची आठवण इतर लेखांतून होईलच. मला मात्र आपल्या घरातील नळाविषयी लिहावयाचे आहे.

त्यास कारणही तसेच आहे. आपल्या मंडळाचे वय आणि या शहरात आलेल्या कावेरीच्या पाण्याचे वय जवळपास एकच. कावेरी योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली पूर्ण झाला. त्याआधी जी मराठी कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त येथे स्थायिक झाली, ती गावाकडे लिहिलेल्या पत्रांत दोन गोष्टी न चुकता कळवीत : येथील हवा थंड आहे आणि पाणी गोड आहे. ते गोड पाणी कोणत्या नदीचे, असे त्यांना कोणी विचारले असते, तर अर्कावतीचे नाव फारच थोड्यांना सांगता आले असते. आजही परिस्थिती वेगळी नाही. ज्या नदीने या नगरीला सुमारे ऐंशी वर्षे नळाचे पाणी पुरविले, ती आपल्या डोळ्यांदेखत आटली आणि आपणांस त्याचा पत्ताही लागला नाही. ती का आटली, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांच्या कार्याचा परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे. पण त्या शोधाचे मोल कळण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागेल.

तळ्यांची नगरी

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पठाराच्या कण्यावर वसले आहे. पुण्याला मुळा-मुठा आहे, नाशिकला गोदावरी आहे, सांगलीला कृष्णा आहे. बंगळूरला अशी नदी नाही. येथे पडणारा पाऊस पश्चिमेकडे उतरला तर अर्कावतीला मिळून कावेरीत जातो आणि पूर्वेकडे उतरला तर दक्षिण पिनाकिनीला मिळतो. पाऊस तसा वाईट नाही, पुण्याहून थोडा अधिकच. परंतु उंचवट्यावर पडलेले पाणी थांबत नाही. ते थांबवावे लागते.

ही गोष्ट १५३७ च्या सुमारास येथे पेठ व किल्ला वसविणाऱ्या केंपेगौडाने आणि त्याच्या वंशजांनी नेमकी ओळखली होती. त्यांनी तळी बांधली. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात आणि एका तळ्याचे जादा पाणी पुढच्या तळ्यात नेणाऱ्या मोठ्या पाटाला ‘राजकालुवे’. वरचे तळे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, तेथून त्याच्या खालच्या तळ्यात, अशी ही माळ होती. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी, हलसूर ही त्यांतील ठळक नावे. तळ्यातील पाणी शेताला व गुरांना मिळे. तळ्याकाठच्या विहिरींना झरे फुटत आणि तेच पाणी माणसे पीत. एकाने आपले तळे राखले नाही, तर खालच्याचे तळे भरत नसे; म्हणून तळे राखणे हे एकट्याचे काम नव्हते.

या तळ्यांच्या नगरीशी मराठी माणसाचा संबंध आजकालचा नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने शहाजीराजांसह येथे स्वारी केली व केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले. पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्या कर्नाटकातील कारभाराचे मुख्य ठाणे झाले. बाल शिवाजीराजे जिजाबाईंसह काही काळ येथे होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, यांनी १६६९ साली मल्लेश्वरम येथील काडू मल्लेश्वराच्या देवस्थानास एक गाव इनाम दिले. त्याचा शिलालेख तेथे आहे. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि लवकरच ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हाती गेले. अशी जवळपास पन्नास वर्षे हे गाव भोसल्यांचे होते.

काडू मल्लेश्वराला आपल्यापैकी अनेक जण दर्शनास जातात. त्या देवळासमोर रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ आहे. मातीखाली गाडली गेलेली ही पुष्करणी १९९७ मध्ये उजेडात आली. तेथे नंदीच्या मुखातून पडणाऱ्या पाण्याचा संबंध परंपरेने वृषभावती नदीच्या उगमाशी जोडला जातो. हीच वृषभावती पुढे अर्कावतीला मिळते. म्हणजे ज्या नदीची ही कथा आहे, तिच्या पाण्याचा एक झरा आपल्या पूर्वजांनी इनाम दिलेल्या देवळाच्या दारातच आहे. असो.

नळ आला, तळी गेली

१८०९ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली आणि वस्ती वाढू लागली. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या दख्खनलाही ठाऊक आहे. म्हैसूर संस्थानात त्याने सुमारे एक पंचमांश लोकसंख्येचा घास घेतला असे मानतात. त्यानंतर १८८२ मध्ये सँकी तलाव झाला. तोही पुरेना, तेव्हा दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत शहराने प्रथमच आपल्या हद्दीबाहेरच्या पाण्याकडे पाहिले. नंदीदुर्गाच्या डोंगरात उगम पावणाऱ्या अर्कावतीवर, शहराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर हेसरघट्टा येथे १८९४ मध्ये जलाशय बांधण्यात आला. विटांच्या बंदिस्त पाटातून पाणी आणावयाचे, वाफेच्या पंपांनी वर चढवावयाचे आणि गाळून नळांतून सोडावयाचे, अशी ती योजना होती. घरात नळ येणे ही त्या काळी केवढी अपूर्वाई असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पण नळाबरोबर एक विस्मृतीही घरात शिरली. पाणी दुरून येऊ लागताच दाराजवळच्या तळ्याची गरज सरली; गरज सरली तशी निगा सरली; आणि निगा सरल्यावर तळे म्हणजे डासांची पैदास करणारी मोकळी जागा, एवढेच त्याचे रूप उरले. धर्मांबुधीच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे. गावी जाण्यासाठी आपण ज्या ‘मॅजेस्टिक’वर गाडी पकडतो, तेथे उभे असताना आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत, हे किती जणांच्या ध्यानी येते? संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे आणि तळ्याची आठवण म्हणून एक लहानसे कुंड उरले आहे. १९८५ मध्ये एन. लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने उरलेली तळी राखण्याच्या शिफारशी केल्या. परंतु तोवर पुष्कळ तळ्यांवर घरांचे आराखडे चढले होते आणि पुढेही चढत राहिले.

पुण्यात शिकलेला अभियंता

हेसरघट्टाही पुरे पडेना. १९२० नंतरच्या दशकात पावसाने ओढ दिली आणि त्या तलावाने दगा दिला. तेव्हा अर्कावतीवरच आणखी खाली, कुमुद्वती नदी तिला जेथे मिळते त्या तिप्पगोंडनहळ्ळी येथे १९३३ मध्ये दुसरा मोठा जलाशय झाला. त्याला चामराजसागर असेही म्हणतात. या योजनेस सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे मार्गदर्शन लाभले होते.

विश्वेश्वरय्यांना आपण म्हैसूरचे म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची अभियांत्रिकी घडली ती महाराष्ट्रात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नाशिक, खानदेश व पुणे येथे त्यांनी नोकरी केली. न्यायमूर्ती रानडे व नामदार गोखले यांचा स्नेह त्यांना तेथेच लाभला. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या जलाशयावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, हे बहुतेकांनी शालेय पुस्तकांत वाचलेले असते. १९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. नंतर हैदराबादच्या मुसी नदीच्या पुराचा बंदोबस्त, म्हैसूरचे मुख्य अभियंतापद, १९१२ ते १९१८ या काळातील दिवाणगिरी आणि कृष्णराजसागराचे प्रचंड काम, हा सारा इतिहास सर्वश्रुत आहे.

त्यांच्या पुण्याकडील कामांपैकी एकाचा उल्लेख मात्र येथे मुद्दाम केला पाहिजे, कारण ते दरवाजांइतके प्रसिद्ध नाही. नीरा कालव्यावर पाण्यासाठी ओढाताण होती. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी उसाला हवे तेवढे पाणी घेई आणि शेपटाकडचा कोरडा राही. विश्वेश्वरय्यांनी तेथे ‘ब्लॉक पद्धत’ सुचविली : जमिनींचे गट पाडावयाचे, पिकांचा फेरपालट ठरवावयाचा आणि मोजके पाणी अधिकाधिक गावांत वाटून द्यावयाचे. धरण बांधणारा हा थोर अभियंता पाण्याच्या वाटणीचाही तितकाच विचार करीत होता. पुढे आपण त्यांची धरणे लक्षात ठेवली आणि वाटणी विसरलो.

शंभर किलोमीटरवरची कावेरी

स्वातंत्र्यानंतर बंगळूरमध्ये कारखाने आले, प्रयोगशाळा आल्या, आपल्यासारखी परप्रांतीय कुटुंबे आली. १९६४ मध्ये पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापन झाले आणि अर्कावती सोडून थेट कावेरी गाठण्याचे ठरले. १९७४ नंतर एकामागून एक टप्पे होत गेले आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. या एका टप्प्याची क्षमता दिवसाला ७७५ दशलक्ष लिटर आहे. पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येते. एवढेच नव्हे, तर तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन मुक्कामी पंपांनी चढवीत ते सुमारे पाचशे मीटर वर आणावे लागते. खंडाळ्याचा घाट चढण्याचे कष्ट ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनी क्षणभर मनात आणावे की आपल्या स्वयंपाकघरातील प्रत्येक तांब्या पाणी जवळजवळ तेवढेच उंच चढून आलेले असते. त्यासाठी जाळलेली वीज पाण्याच्या बिलात आपणांस दिसत नाही.

ही कावेरीही अमर्याद नाही. तिच्या वाटणीचा तंटा जुना. १९९० मध्ये नेमलेल्या लवादाने २००७ मध्ये अंतिम निवाडा दिला, तेव्हा बंगळूरचा विचार करताना असे धरले की शहराचा सुमारे एक तृतीयांश भागच कावेरीच्या खोऱ्यात येतो आणि निम्मी गरज भूजलातून भागेल. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात हा हिशेब दुरुस्त करून शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी ४.७५ अब्ज घनफूट वाढवून दिले. न्यायालयाने शहराची तहान मान्य केली. पण कागदावर धरलेले ते भूजल प्रत्यक्षात होते कोठे? त्याचे उत्तर २०२४ च्या मार्च महिन्यात मिळाले. शहरातील सुमारे चौदा हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळजवळ सहा हजार नऊशे कोरड्या पडल्याचे शासनानेच जाहीर केले. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. आमच्या इमारतीतील कूपनलिकेनेही त्याच महिन्यात मान टाकली. टँकरची वाट पाहत बादल्या घेऊन जिन्यात उभे राहिलेले सुशिक्षित, सुखवस्तू शेजारी मी पाहिले आणि त्यांच्यात मी स्वतःही होतो. त्या जिन्यातच प्रथम मनात आले की, शंभर किलोमीटरवरच्या नदीसाठी आपण भांडतो. मग तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या आपल्या नदीचे काय झाले?

पाच संशयितांची चौकशी

नेमका हाच प्रश्न काही अभ्यासकांनी आपल्याआधी कितीतरी वर्षे विचारला होता. बंगळूर येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अत्री’ या पर्यावरणविषयक संशोधन संस्थेत डॉ. शरच्चंद्र लेले, डॉ. वीणा श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी अर्कावतीच्या खोऱ्याचा अभ्यास हाती घेतला. डॉ. लेले हे नाव मराठी वाचकास परके वाटणार नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त अभियांत्रिकी शिकून, नंतर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील बर्कलीचे विद्यापीठ येथे पुढील शिक्षण घेऊन ते पर्यावरण आणि समाज यांच्या संबंधाच्या अभ्यासाकडे वळले. ‘शाश्वत विकास’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जाऊ लागला होता, त्या काळात, १९९१ मध्ये, काय टिकवावयाचे आणि ते कोणासाठी, असा रोखठोक प्रश्न करणारा त्यांचा निबंध जगभर वाचला गेला. अर्कावतीच्या अभ्यासातही तीच सवय दिसते.

प्रश्न असा होता : १९७० नंतरच्या दशकांत तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयात येणारे पाणी सतत घटत गेले, अभ्यासाच्या वेळी तो जलाशय आपल्या मूळ क्षमतेच्या जेमतेम वीस टक्क्यांवर चालला होता. का? प्रत्येकाजवळ तयार उत्तर होते. कोणी म्हणे पाऊस कमी झाला, कोणी म्हणे जग तापले, कोणी निलगिरीच्या झाडांना शिव्या देई, कोणी कूपनलिकांना, तर कोणी ओढ्यांवरील बंधाऱ्यांना. निदान न करताच औषधे चालू होती आणि एकाचे औषध दुसऱ्याच्या औषधावर उतारा ठरत होते. अभ्यासकांनी या पाचही कारणांना संशयितांप्रमाणे रांगेत उभे केले आणि एकेकाची साक्ष तपासली. काम सोपे नव्हते; नदीवर ठिकठिकाणी प्रवाह मोजण्याची सोय नव्हती आणि जुन्या नोंदी तुटपुंज्या होत्या. उपलब्ध आकडे आणि प्रत्यक्ष गावोगावची पाहणी यांची सांगड घालून हे काम झाले. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये जलविज्ञानाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या निबंधाच्या प्रमुख लेखिका डॉ. वीणा श्रीनिवासन होत्या.

पहिला संशयित पाऊस. त्याचे प्रमाण, त्याचा हंगाम, त्याचा जोर, तिन्ही तपासले. नदी आटावी इतका बदल त्यांत सापडला नाही. दुसरा संशयित उष्मा. तापमान वाढले की बाष्पीभवन वाढते हे खरे. परंतु एवढी मोठी तूट त्याने भरून निघेना. म्हणजे आकाशावर ठेवलेला आरोप टिकला नाही.

तिसरा संशयित भूजलाचा उपसा. हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे. येथील भूमी ग्रॅनाइट व त्याच्या जातीच्या कठीण खडकाची आहे. अशा प्रदेशात पावसाळ्यानंतर नदी वाहते ती वरच्या सच्छिद्र, मुरमाड थरात साठलेले पाणी हळूहळू तिच्यात पाझरते म्हणून. पूर्वी उघड्या विहिरींतून मोटेने पाणी काढीत, तेव्हा उपशाला बैलाच्या बळाची मर्यादा होती. नंतर विजेचे पंप आले, मग कूपनलिका आल्या, आणि त्या शेकडो फूट खोल गेल्या. पाण्याची पातळी नदीच्या तळाच्या खूप खाली उतरली. आता नदीत पाणी पाझरत नाही. उलट पावसाचे पाणीच नदीच्या तळातून खाली जिरून जाते. आपण जिला नदी म्हणतो ती जमिनीवर दिसणारी भूजलाचीच रेघ होती. भूजल गेले आणि रेघ पुसली गेली.

चौथा संशयित निलगिरी. मजुरी परवडेना, मुले शहराकडे गेली, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी जिरायत शेतात निलगिरी लावली. तिला राखण लागत नाही आणि लाकडाला गिऱ्हाईक असते. पण तिची मुळे खोल जातात. नाचणीचे पीक पावसाळ्यापुरते पाणी पिते, तर हे झाड बारा महिने. त्यामुळे जमिनीत मुरून नदीला मिळावयाचा वाटा वाटेतच संपतो. पाचवा संशयित ओढ्यांवरील बंधारे व अडथळे. त्यांचाही हात होता, पण काहीसा कमी. चौकशीचा निकाल असा की, नदी आटण्यामागे हवामानापेक्षा माणसाची करणी असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे : उपसा, निलगिरी आणि त्यांच्या मागोमाग बंधारे.

येथे आपल्यासारख्यांनी एक सावधगिरी बाळगावयास हवी. शहरातील माणसाने लगेच खेड्यातील शेतकऱ्याकडे बोट दाखवू नये. त्याने कूपनलिका घेतली ती आपल्या बाजाराला भाजी पुरविण्यासाठी. त्याने निलगिरी लावली ती त्याचा मुलगा आपल्या कारखान्यात कामाला आला म्हणून. आणि बंधारे तर पुष्कळदा जलसंधारणाच्या चांगल्या हेतूनेच बांधले गेले. वरच्या गावाने अडविलेले पाणी खालच्या गावाचेही असते, हे केंपेगौडाच्या तळ्यांच्या माळेत जे गृहीत होते, तेच आपण विसरलो. एकाने जिरविलेला थेंब हा दुसऱ्याचा गेलेला थेंब असू शकतो. म्हणून हिशेब साऱ्या खोऱ्याचा मिळून मांडावा लागतो. या अभ्यासाची सर्वांत मोठी शिकवण मला हीच वाटते.

कोरडी बहीण आणि काळी बहीण

वर वृषभावतीचा उल्लेख केला आहे. तिची गोष्ट अगदी उलट आहे. कावेरीचे पाणी शहरात येते, वापरले जाते आणि त्यातले पुष्कळसे मैला होऊन वृषभावतीतून वाहून जाते. त्यामुळे ही एके काळची लहानशी नदी आता बारमाही झाली आहे, पण काळी. खाली बैरमंगलच्या तलावाजवळील शेतकरी याच पाण्यावर पिके काढतात, कारण दुसरे पाणी त्यांच्याजवळ नाही. वर अर्कावती कोरडी, खाली वृषभावती काळी; दोघी भेटतात आणि कावेरीकडे जातात. ‘अत्री’च्या मंडळींनी या दुसऱ्या बहिणीचाही अभ्यास केला आहे. पाण्याची सुरक्षितता म्हणजे केवळ किती लिटर मिळाले एवढेच नव्हे. ते पुरेसे आहे काय, शुद्ध आहे काय, सर्वांना न्यायाने मिळते काय आणि उद्याही मिळेल काय, हे चारही प्रश्न एकत्र विचारावे लागतात. शहराच्या मध्यभागी नळाचे स्वस्त पाणी आणि वेशीवरच्या गरीब वस्तीत टँकरचे महाग पाणी, असे जेथे आहे, तेथे जलाशय भरलेला असूनही सुरक्षितता नाही.

न्यायाचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातील माणसांच्या संख्येने द्यावयाचे, भूमिहीनालाही त्यात हक्क ठेवावयाचा, आणि ऊस घ्यावयाचा नाही, असे त्याचे नियम होते. नीरेवरील विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आणि त्याच मुलुखातील ही पाणी पंचायत यांच्यात सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे. पण पाणी मोजके असते आणि ते वाटून घ्यावे लागते, हे सूत्र एकच. पुण्याने एकदा बंगळूरला अभियंता परत पाठविला; आता त्याच मुलुखातून हा विचारही येथे यावयास हरकत नाही.

आपला वाटा

शासनाने काही केले नाही, असे नाही. २००३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीच्या पाणलोट क्षेत्राच्या रक्षणासाठी अधिसूचना निघाली. २००९ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन ठरावीक आकाराच्या घरांना पावसाचे पाणी साठविणे अथवा जिरविणे बंधनकारक झाले. २०२२ च्या अतिवृष्टीत हेसरघट्टाचा तलाव पुष्कळ वर्षांनी भरला आणि लोक तो पाहावयास गर्दी करून गेले. आकाश अधूनमधून देते, हे त्या वर्षी दिसले. ते राखणे मात्र आपल्याकडे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की आपण येथे बाहेरून आलो, येथील नदी-तळी ही मूळ रहिवाशांची बाब. ही समजूत आता सोडली पाहिजे. ज्याचे पाणी प्यायलो, ते गाव आपले. पन्नास वर्षे आपण येथे गणपती बसविले आणि ते येथल्याच तळ्यांत विसर्जित केले. त्या तळ्यांचे देणे आपल्यावर आहे. ते फेडण्याचे मार्ग साधे आहेत. आपापल्या इमारतीच्या गच्चीवरील पाणी कोठे जाते, याची एकदा चौकशी करावी. जुनी विहीर बुजविली असेल तर ती पुन्हा मोकळी करता येईल काय, हे पाहावे. घराजवळच्या तळ्याच्या राखणीसाठी शेजाऱ्यांनी समिती केली असेल तर तीत कन्नड बांधवांच्या बरोबरीने आपलेही नाव असावे.

आणि एक सूचना मंडळाच्या कार्यकारिणीस. दरवर्षी आपली सहल श्रीरंगपट्टण किंवा कृष्णराजसागर पाहावयास जाते. यंदाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ती नंदीदुर्गापासून अर्कावतीच्या काठाने न्यावी : हेसरघट्टा, तिप्पगोंडनहळ्ळी आणि शक्य झाल्यास कनकपुऱ्याच्या पुढे जेथे ती कावेरीला मिळते तो संगम. मुलांनी बरोबर वही घ्यावी आणि कोठे पाणी दिसले, कोठे निलगिरी दिसली, कोठे कोरडे पात्र दिसले, ते लिहून काढावे. संध्याकाळी ज्येष्ठांनी त्यांना सांगावे की, आपले पत्र गावी जाई तेव्हा ज्या गोड पाण्याचा उल्लेख त्यात असे, ते याच नदीचे होते. नदीचे मूळ शोधू नये, ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी नद्या वाहत होत्या. आता मूळ शोधले नाही, तर नातवंडांना दाखविण्यासाठी नदीच उरणार नाही.